रक्तवाढीची गोळी की लोहाचं सलाईन? ठरवण्याआधी काय काय बघायचं

"दादा, तीन महिने गोळ्या खाल्ल्या, रक्त काही वाढलं नाही. आता सलाईनच लावून टाकू ना एकदाचं?"

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारतो, "गोळी कशासोबत घेत होता, ताई?" बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: "सकाळच्या चहासोबत. म्हणजे विसरायला होत नाही."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना ॲनिमिया (रक्तक्षय) निघाला होता. म्हणजे हा प्रश्न घरोघरचा आहे. तरीही गोळी आणि सलाईन यांची तुलना आपल्याकडे होते ती 'साधं औषध' आणि 'भारी औषध' अशी. वास्तविक दोन्हींत लोहच असतं. गोळीला आतड्याच्या दारातून आत जावं लागतं, सलाईन ते दार टाळून थेट शिरेतून जातं. म्हणून विचारायचं ते एवढंच: तुमच्या बाबतीत दार खरंच बंद आहे, की आपणच चहाचा कप आडवा ठेवलाय, की दारात थांबायला वेळच उरलेला नाही?

आधी रिपोर्ट काढा

फक्त हिमोग्लोबिनच्या आकड्यावर ना गोळी ठरते ना सलाईन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा लक्षात ठेवायला सोप्या आहेत: गरोदर नसलेल्या स्त्रीला १२ च्या खाली, गरोदर स्त्रीला ११ च्या खाली (मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली) आणि पुरुषाला १३ च्या खाली हिमोग्लोबिन गेलं की ॲनिमिया. पण तो लोह कमी पडल्यामुळेच झालाय हे या आकड्यावरून कळत नाही.

त्यासाठी सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या तपासणीच्या, कागदावरचे आणखी दोन आकडे बघा. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार. लोह कमी असेल तर पेशी लहान होते आणि हा आकडा ८० च्या खाली येतो. दुसरा आकडा लाल पेशींच्या संख्येचा, आरबीसी काउंट. एमसीव्हीला या संख्येने भागा. उत्तर १३ च्या वर आलं तर बहुधा लोहाची कमतरता. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाचा, संशय घ्यायचा. उदाहरणार्थ, एमसीव्ही ६२ आणि आरबीसी ५.८ असेल तर उत्तर १०.७ येतं. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या मी पाहिल्यात, आणि रक्त अर्थातच तिथल्या तिथे. हा भागाकार फक्त इशारा देतो. निदान एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासण्यांनी होतं, आणि तेही लोहाची कमतरता भरून काढल्यावर जास्त विश्वासार्ह येतं.

विदर्भात, विशेषतः गडचिरोलीत, आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलची (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे की नाही हेही विचारायलाच हवं. सिकलसेलच्या रुग्णाला रक्त कमी दिसतं म्हणून लोह देत सुटायचं नसतं. शरीराकडे जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच नाही. ते यकृतात आणि हृदयात साठत जातं.

लोहाचा साठा दाखवणारी तपासणी म्हणजे फेरिटिन. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपलाय. ३० च्या खाली असेल तरी कमतरता धरून चालतात. एक खोच आहे: अंगात ताप, संसर्ग किंवा संधिवातासारखी सूज असेल तर फेरिटिन खोटं वर जातं. म्हणून टायफॉइडमध्ये काढलेल्या फेरिटिनवर विसंबू नका. शिवाय काही लॅबच्या छापील 'नॉर्मल'ची खालची मर्यादा १० किंवा १३ असते, त्यामुळे १४ फेरिटिन ठळक अक्षरात येत नाही आणि नजरेतून सुटतं.

आणि लोह गेलं कुठे? पाळीत अति रक्तस्राव, मूळव्याध, जंत, लागोपाठची बाळंतपणं ही नेहमीची कारणं. पण पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली तर गोळी-सलाईनचा वाद बाजूला ठेवून आधी पोटाच्या डॉक्टरांना भेटा. जठरात किंवा आतड्यात कुठे थेंब थेंब रक्त जात नाही ना, हे दुर्बिणीने बघावं लागतं. इथे सलाईन लावून हिमोग्लोबिन छान वाढतं आणि आतली गाठ मात्र लपून राहते.

गोळी नीट घेऊन बघा

पाकिटावर मोठ्या अक्षरात क्षाराचं, म्हणजे लोहाच्या संपूर्ण संयुगाचं, वजन असतं, तुम्हाला हवा आहे 'मूळ लोहा'चा आकडा. फेरस सल्फेटच्या २०० मि.ग्रॅ. गोळीत साधारण ६५ मि.ग्रॅ. लोह असतं. फेरस फ्युमरेटच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा लोह. फेरस ॲस्कॉर्बेटच्या पाकिटावर बहुधा थेट '१०० मि.ग्रॅ. मूळ लोह' असंच लिहिलेलं असतं. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती फुकट मिळते म्हणून कमी दर्जाची, हा समज सोडा. महागड्या गोळीतही लोहच असतं, फार तर पोटाला थोडी सौम्य.

घ्यायची कशी? रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तास नंतर, पाण्यासोबत. लिंबूपाणी किंवा आवळा सरबत चालेल, कारण क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली सवय या बाबतीत शहाणपणाचीच आहे. त्यापाठोपाठ येणारा चहा मात्र सगळं पाण्यात घालवतो. चहा-कॉफी आणि गोळी यांत निदान एक-दोन तासांचं अंतर हवं. दुधाचंही तेच.

गरोदरपणात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच घोटात घेणं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच पिशवीत मिळतात, मग बाई म्हणते एकदमच उरकू. कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. कॅल्शियम जेवणाबरोबर घ्या, लोह त्यापासून दोन तास लांब. थायरॉइडची गोळी असेल तर लोह तिच्यापासून चार तास दूर. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण लोह शोषायला जठरातलं आम्ल लागतं आणि ती गोळी तेच कमी करते.

आता एक नवी समजूत. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि ते साधारण दिवसभर आतड्याचं दार लोटून घेतं. म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक गोळी घेतली तर रात्रीच्या गोळीतलं लोह बरंचसं वाया जातं आणि पोट मात्र दुप्पट बिघडतं. म्हणून आता गरोदर नसलेल्यांना बरेच डॉक्टर दिवसातून एकच गोळी, किंवा पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड एक, असं सांगतात. गरोदर बाईने मात्र हा शहाणपणा स्वतःवर करू नये. ॲनिमिया असेल तर 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात गरोदरपणी रोज दोन गोळ्या सांगितलेल्या आहेत. त्यात बदल करायचा तर डॉक्टरांनी.

शौचाला काळी होते. होणारच, उलट गोळी पोटात गेल्याची ती खूण आहे. पण डांबरासारखी चिकट, दुर्गंधी येणारी असेल आणि सोबत चक्कर येत असेल, तर ते रक्त असू शकतं, दवाखाना गाठा. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना किंवा थोडं खाऊन घ्या. शोषण थोडं घटतं, पण बंद केलेल्या गोळीपेक्षा थोडी कमी शोषलेली गोळी बरी. लहान मुलांच्या लोहाच्या पातळ औषधाने दातांवर डाग पडतात, म्हणून ते जिभेच्या मागे सोडून वर पाणी पाजावं. आणि हे फार महत्त्वाचं: मोठ्यांच्या लाल गोळ्या लहान मुलाच्या हाताला लागू देऊ नका. मुलं त्या चॉकलेट समजून खातात आणि मूठभर गोळ्या जीवघेण्या ठरू शकतात.

चार आठवड्यांनी हिशोब

नीट घेतलेल्या गोळीने चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने वाढायला हवं, बऱ्याच जणांचं दोनपर्यंत वाढतं. वाढलं तर तुमचं दार उघडं आहे. सलाईनचा विचार सोडा, गोळी चालू ठेवा. हिमोग्लोबिन बरोबर झाल्यावरही आणखी तीन महिने, कारण आधी रक्त भरतं आणि साठा नंतर. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि वर्षभरात पुन्हा माझ्या काउंटरवर येतात.

वाढलं नाही तर स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: महिन्यात किती गोळ्या खरंच पोटात गेल्या? पाकिटं मोजा. चहा, कॅल्शियम, ॲसिडिटीची गोळी सुटली होती का? रक्त जाणं थांबलंय का? निदानच चुकलं नाही ना, किंवा सोबत बी-१२ कमी नाही ना? एवढं सगळं ठीक असूनही आकडा हलला नाही, तर गोळी हरली असं म्हणायला हरकत नाही.

सलाईन कुणाला खरंच लागतं

काही जणांच्या बाबतीत गोळीची परीक्षा घेत बसायचंच नसतं. आतड्याच्या दाहाचा आजार, सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडतं तो आजार), किंवा वजन कमी करण्यासाठी केलेली जठराची शस्त्रक्रिया असेल तर दार मुळात नीट उघडत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णाचंही तसंच. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाला लोह कमी असेल तर शिरेतल्या लोहाने फायदा दिसतो, गोळीने फारसा नाही. पाळीत इतकं रक्त जातं की गोळी भरते त्यापेक्षा जास्त महिन्याला वाहून जातं, अशा बाईलाही सलाईन लागतं. काही आठवड्यांवर मोठी शस्त्रक्रिया आली असेल तरीही.

आणि गरोदरपण. सुरुवातीचे तीन महिने शिरेतून लोह देत नाहीत. पुढे हिमोग्लोबिन ७ ते १० च्या दरम्यान असेल आणि दिवस भरत आले असतील, किंवा गोळी सोसतच नसेल, तर सलाईन हा शहाणा रस्ता आहे. ७ च्या खाली गेलं तर हा निर्णय मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवा. ५ च्या खाली असेल तर लगेच भरती करतात आणि रक्त चढवतात. तिथे गोळीही उशिराची आणि लोहाचं सलाईनही.

यावरून लोकांची एक मोठी गैरसमजूत सांगतो. लोहाचं सलाईन म्हणजे रक्त नव्हे. ते कच्चा माल पुरवतं, पेशी अस्थिमज्जेलाच बनवाव्या लागतात, आणि मज्जेचा वेग ठरलेला असतो. म्हणून सोमवारी सलाईन लावून बुधवारी हिमोग्लोबिन तपासू नका. ते गोळीपेक्षा लवकर वाढतं खरं, पण तेही आठवड्यांच्या हिशोबात. आणि अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात लावतात ते पांढरं किंवा पिवळं सलाईन? त्यात मीठ, साखर, फार तर जीवनसत्त्वं असतात. लोहाचं सलाईन काळ्या चहासारखं तपकिरी दिसतं.

कुल्ल्यावर घ्यायची लोहाची सुई मात्र आता विसरा. ती दुखते, कातडीवर वर्षानुवर्षं टिकणारा काळा डाग पडतो, कधी गळू होतं, आणि शिरेतल्या लोहापेक्षा ती सुरक्षितही नाही. कुणी अजून सुचवत असेल तर शिरेतून का नको, असं सरळ विचारा.

दोन सलाईनांतला फरक आणि आकडेमोड

आपल्याकडे मुख्यतः दोन मिळतात: आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, ज्याला दवाखान्यात एफसीएम म्हणतात. गोळीत फेरस लोह असतं, या दोन्हींत फेरिक लोह साखरेच्या वेष्टनात गुंडाळलेलं असतं. उघडं लोह रक्तात सोडलं तर विषारी ठरेल. वेष्टनामुळे यकृत आणि प्लीहेतल्या पेशी ते आधी उचलतात आणि मग हळूहळू सोडतात. वेष्टन जितकं घट्ट, तितका एका वेळी मोठा डोस देता येतो. सुक्रोजचं वेष्टन सैल आहे, म्हणून एका बैठकीला साधारण २०० मि.ग्रॅ. आणि आठवड्याला जास्तीत जास्त ६००. एफसीएमचे एका बैठकीला १००० मि.ग्रॅ.पर्यंत चालतात, तेही पंधरा मिनिटांत. मग आठवडाभर थांबायचं.

किती लागेल याचं जुनं सूत्र आहे: वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. ५० किलोची, गरोदर नसलेली बाई, हिमोग्लोबिन ८, लक्ष्य १५ धरलं तर ५० × ७ × २.४ म्हणजे ८४०, अधिक ५००, एकूण १३४० मि.ग्रॅ. गरोदर बाईसाठी गरोदरपणाआधीचं वजन घेतात आणि लक्ष्यही कमी धरतात.

आता हे १३४० तीन वाटांनी मोजा. आयर्न सुक्रोजच्या सात बैठका, म्हणजे एक दिवसाआड करत दोन आठवड्यांहून थोडं अधिक. एफसीएमच्या दोन बैठका, आठवड्याच्या अंतराने. आणि ६० मि.ग्रॅ.ची रोज एक गोळी? तिच्यातलं दहा ते वीस टक्के शोषलं गेलं तर दिवसाला ६ ते १२ मि.ग्रॅ., म्हणजे साधारण चार ते सात महिने. 'तीन महिने खाल्ल्या, काही झालं नाही' या तक्रारीचं अर्धं उत्तर या गणितातच आहे.

मग सगळ्यांना एफसीएमच का नको? एक तर पैसा. ते सुक्रोजपेक्षा बरंच महाग पडतं. पण सात वेळा तालुक्याला जायचं एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सात वेळा शीर शोधणं धरलं तर कधी कधी हिशोब उलटतो, म्हणून दोन्ही रकमा मांडून बघा. गरोदर बाईला सरकारी रुग्णालयात जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधं मोफत मिळतात, तिथे आधी विचारा. दुसरं कारण औषधाचं आहे: एफसीएमने काहींचं रक्तातलं फॉस्फरस घसरतं, विशेषतः पुन्हा पुन्हा घेतलं तर. सलाईननंतर हिमोग्लोबिन वाढलं पण थकवा वाढतच चालला, हाडं दुखायला लागली, तर फॉस्फरसची तपासणी मागा. नाहीतर थकवा दिसला म्हणून आणखी एक एफसीएम लावायची चूक होते.

सलाईनच्या दिवशी

घरी येऊन सलाईन लावून देणारे लोक गावोगाव आहेत. लोहाचं सलाईन घरी घेऊ नका. गंभीर ॲलर्जी क्वचितच होते, पण होते तेव्हा मिनिटांत होते. ॲड्रेनालिन, ऑक्सिजन आणि ते वापरता येणारा माणूस शेजारी हवा. ताप किंवा संसर्ग असेल तर तारीख पुढे ढकला. दमा, एक्झिमा किंवा आधी कुठल्याही इंजेक्शनचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना लावण्याआधी सांगा, लावल्यावर नव्हे. उपाशी जायची गरज नाही, खाऊन जा.

औषध फक्त नॉर्मल सलाईनमध्ये (मिठाच्या पाण्यात) मिसळतात, ग्लुकोजमध्ये नाही. सुरुवात हळू होते. सुईच्या जागी आग झाली किंवा फुगलं तर तत्काळ सिस्टरना हाक मारा; 'थोडं सहन करू' नको. लोह शिरेबाहेर झिरपलं तर हातावर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने, कधी कायमचा राहतो.

पहिल्या काही मिनिटांत चेहरा गरम होणं, छाती किंवा पाठ आवळल्यासारखी वाटणं, असं काहींना होतं. दम लागत नसेल, बीपी ठीक असेल तर सलाईन थांबवल्यावर ते आपोआप जातं आणि बरेचदा हळू वेगाने पुन्हा सुरू करता येतं. आपल्याकडे अशा वेळी, किंवा आधीच खबरदारी म्हणून, ॲव्हिलसारखं ॲलर्जीवरचं इंजेक्शन टोचायची सवय आहे. त्याने गुंगी येते, बीपी उतरतं आणि मग खरी ॲलर्जी कोणती हेच कळेनासं होतं. ओठ-डोळे सुजणं, श्वासाला शिट्टी वाजणं, डोळ्यांपुढे अंधारी ही मात्र खरी धोक्याची चिन्हं. सलाईन संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा, बस चुकली तरी.

नंतर

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आणि सांधे दुखू शकतात, थोडी कणकण येते, पॅरासिटामॉलने भागतं. सलाईनचा कोर्स चालू असताना लोहाची गोळी बंद ठेवा आणि शेवटच्या सलाईननंतरही निदान पाच दिवस घेऊ नका. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन चार आठवड्यांनी तपासा. त्याआधी फेरिटिन भरमसाट वर दिसतं आणि रिपोर्ट बघून घरचे घाबरतात.

एक काम तेवढं त्याच दिवशी करून घ्या. फाईलच्या पहिल्या पानावर औषधाचं नाव, किती मि.ग्रॅ., तारीख आणि काही त्रास झाला असेल तर तो, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. "मागच्या वर्षी रक्ताचं सलाईन लावलं होतं" एवढ्यावरून पुढच्या डॉक्टरला सुक्रोज की एफसीएम, २०० की १०००, काहीच कळत नाही, आणि मोकळी बाटली तर तुम्ही केव्हाच टाकून दिलेली असते.